शिष्यवृत्ती आणि निवारा
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

विद्यापीठांच्या आणि धर्मादाय निधींच्या शिष्यवृत्त्यांविषयीची निवेदने वर्तमानपत्रांतून दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्यांत ‘स्थानिक विद्यार्थी’ हा शब्द हटकून आढळतो. अर्जदार अमुक जिल्ह्याचा रहिवासी असावा, इतकी वर्षे त्याचे वास्तव्य तेथे झालेले असावे, तसा तहसीलदाराचा दाखला अर्जासोबत जोडावा, वगैरे वगैरे. ज्या भूमीतून पैसा उभा राहिला त्या भूमीच्या मुलांना तो प्रथम मिळावा, यात वावगे काही नाही. परंतु इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांना या शब्दाची धार चांगलीच परिचयाची आहे. घरात बोलायची भाषा एका राज्याची आणि रहिवासाचा दाखला दुसऱ्या राज्याचा, अशी त्यांच्या मुलांची स्थिती असते. निजामच्या हैदराबादेत तर ‘मुलकी’ कोण आणि ‘गैरमुलकी’ कोण या प्रश्नाने नोकरी आणि शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत कित्येक दशके कटुता माजविली होती.

‘स्थानिक’ म्हणजे ज्याला स्थान आहे तो. स्थान या शब्दाचा साधा अर्थ राहावयाची जागा असा आहे. आणि शिष्यवृत्तीचा विचार करणारे लोक नेमका हाच अर्थ विसरतात. फी भरली, पुस्तकांना पैसे दिले, की आपले कर्तव्य संपले अशी दात्यांची समजूत असते. मुलगा रात्री पाठ कोठे टेकणार, पाणी कोठे पिणार आणि शिक्षण पुरे झाल्यावर ज्या गावासाठी तो शिकला त्या गावात त्याला कोणी उंबरठ्याच्या आत घेणार की नाही, हे प्रश्न मागे राहतात. हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध शिष्यवृत्तीची कथा या दृष्टीने पुन्हा एकदा पाहण्याजोगी आहे. ती बडोद्यात घडली.

सयाजीराव गायकवाड हे स्वतः जन्माने बडोद्याचे नव्हते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळराव नावाचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक घेतला गेला, तेव्हा बारा वर्षांचा असूनही त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले आणि १८८१ च्या अखेरीस राज्याची सूत्रे त्याच्या हाती आली. विद्या आपल्याला अपघाताने मिळाली, राज्यातील इतर मुलांना मात्र ती अपघाताने मिळता कामा नये, अशी जणू या राजाची धारणा झाली असावी. १८९० साली कलाभवन निघाले. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखले गेलेले दादासाहेब फाळके तेथेच शिकले. १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले आणि १९०६ साली ती सक्ती सबंध संस्थानाला लागू झाली. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी असा कायदा नव्हता. अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे निघाली, तेव्हा सवर्ण हिंदू शिक्षक तेथे जावयास तयार होईनात. मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. राजाचा हुकूम आणि लोकांचे मन यांच्यातील अंतर किती असते, याची ही पहिली खूण म्हणावयास हरकत नाही.

असा हा दाता. आता घेणारा पाहा. भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरनजीकच्या महू छावणीत झाला. त्यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. शिक्षण सातारा आणि मुंबई येथे झाले. बडोदे संस्थानच्या प्रजेत त्यांची गणना कोणत्याही दाखल्याने झाली नसती! एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरची परीक्षा झाली तेव्हा सेवानिवृत्त सुभेदार वडिलांची पुंजी संपली होती. परळच्या चाळीत राहणाऱ्या या मुलाला कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी महाराजांच्या भेटीस नेले. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी साहाय्य करू, असे महाराज मुंबईतील एका सभेत थोड्याच दिवसांपूर्वी बोलले होते. त्यांनी दोनचार प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. गाव कोणते, दाखला कोठला, ही चौकशी आड आली नाही. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

पुढील वर्षी मोठी शिष्यवृत्ती आली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सह्या झाल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी संस्थानाने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यावेत, आणि विद्यार्थ्याने परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावी, असा तो करार होता. पौंडाचा भाव त्या काळी १५ रुपये होता; म्हणजे ही रक्कम महिना पावणेदोनशे रुपयांच्या आसपास जाते. हिंदुस्थानात ती भरघोस खरी, पण न्यूयॉर्कमध्ये त्यातूनच राहणे, खाणे, पुस्तके आणि शिवाय घरी पाठवावयाचे पैसे असे सारे भागवावयाचे होते. भीमरावांनी पोटाला चिमटा घेतला, पुस्तकांना घेतला नाही. जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे २,००० ग्रंथ जमविले, असे चरित्रकार सांगतात. १९१५ साली ते एम. ए. झाले, ९ मे १९१६ रोजी त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेवरील आपला गाजलेला निबंध तेथे वाचला.

त्या न्यूयॉर्कमधील एक गोष्ट मात्र पैशाच्या हिशेबात येत नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात भीमरावांना खोली मिळाली आणि त्यांच्याबरोबर राहावयास नवल भथेना नावाचा एक पारशी विद्यार्थी होता. एकाच खोलीत दोघे राहिले आणि त्यांची मैत्री जन्मभर टिकली. पुढे १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने त्यांना ५,००० रुपये उसने दिले. वसतिगृहाची एक खोली किती दूरवर उपयोगी पडते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

कोलंबियाहून आंबेडकर लंडनला गेले, तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयात आणि ग्रेज इन्‌मध्ये त्यांनी नावे नोंदविली. परंतु शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदतही संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस होते. पुस्तकांच्या पेट्या दुसऱ्या बोटीने निघाल्या होत्या, ती बोट शत्रूने बुडविली. त्या सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला, असे चरित्रात नमूद आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये कराराप्रमाणे चाकरी करण्यासाठी सव्वीस वर्षांचे आंबेडकर बडोद्याच्या स्टेशनवर उतरले.

त्यापुढील हकीकत त्यांनी स्वतःच इंग्रजीत लिहून ठेवली आहे. हिंदूंच्या खाणावळी गावात होत्या. पण तेथे जात सांगावी लागणार आणि सांगितल्यावर बाहेर पडावे लागणार. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती केवळ पारश्यांसाठी होती. उतारू फारसे येत नसल्यामुळे रखवालदारालाही पैशाची गरज होती. दोघांच्या संमतीने नोंदवहीत एक पारशी नाव लिहिले गेले आणि जेवणखाणासह रोजचे दीड रुपया भाडे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली मिळाली. बाजूचा मोठा दिवाणखाना अडगळीच्या सामानाने भरलेला, विजेचे दिवे नाहीत, रात्री एका कंदिलाच्या उजेडात पुस्तक घेऊन बसावयाचे. सबंध इमारतीत दुसरा माणूस नाही. ती जागा एखाद्या अंधारकोठडीसारखी होती, तरीसुद्धा कोठेतरी आसरा आहे एवढ्याच समाधानावर ते दिवस काढीत होते. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला.

कचेरीतही तऱ्हा निराळी नव्हती. ज्यांना पुढेमागे संस्थानचा अर्थकारभार सोपवावा असे महाराजांच्या मनात होते, त्यांच्या टेबलावर शिपाई लांबूनच कागद टाकीत.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या बेतात असताना दहाबारा संतप्त पारशी हातांत काठ्या घेऊन जिना चढून आले. धर्मशाळा बाटविली, असा त्यांचा आरोप. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाही तर परिणाम भोग, असे बजावून ते गेले. आंबेडकरांनी दोन स्नेह्यांची घरे गाठली. एक हिंदू होता. तुम्हांला घरात घेतले तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. दुसरा हिंदी ख्रिस्ती. त्याने पत्नीला विचारून सांगतो म्हटले. या दोघांपैकी कोणी दुष्ट नव्हता, आणि हेच या प्रसंगातील अधिक विचार करण्यासारखे आहे. दुपारचे चार वाजले होते, मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्या तरुण पंडिताने कमाठी बागेत बसून काढले. ही जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर सप्टेंबरात हजारो माणसे तेथे जमतात.

या प्रसंगात सयाजीराव महाराजांना दोष देण्याचा मोह काहींना होतो. तो बरोबर नाही. खुद्द आंबेडकरांनी तो दिला नाही. हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहाराच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कोलंबियाची डॉक्टरेट त्यांना याच ग्रंथामुळे रीतसर मिळाली. तो ग्रंथ त्यांनी, शिक्षणाच्या कामी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून, सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला आहे. दोष शोधावयाचा तर तो योजनेच्या घडणीत शोधावा लागेल. संस्थानाने चार वर्षांच्या शिक्षणाचा खर्च मोजून ठेवला होता, बदल्यात मिळावयाच्या सेवेची वर्षे मोजून ठेवली होती. पण दहा वर्षे चाकरी करावयाची म्हणजे दहा वर्षे त्या गावात राहावयाचे. आणि राहावयाचे कोठे, याची तजवीज कोणीच केली नव्हती. करारामुळे हा विद्यार्थी बडोद्याचा झाला, बडोद्याने मात्र त्याला अकरा दिवसांपलीकडे ठेवून घेतले नाही. परिणामी ज्याच्यावर राज्याने एवढा खर्च केला त्याची विद्या राज्याला मिळालीच नाही. पुढच्या वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजने तिचा उपयोग करून घेतला.

ही उणीव दुसऱ्या एका मराठी राजाने अचूक हेरली होती. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी शिष्यवृत्त्या दिल्याच, पण त्यांचा खरा भर वसतिगृहांवर होता. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे आणि जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. त्यामागून लिंगायतांचे, मुसलमानांचे, अस्पृश्यांसाठी १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह, असे करता करता कोल्हापूर शहर विद्यार्थी-वसतिगृहांची जननी म्हणून ओळखले जाऊ लागले. खेड्यातील मुलगा शहरात आला तर त्याला ओसरी देणारे कोणी नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ही वसतिगृहे जातवार होती, हा आक्षेप आजच्या काळात सहज सुचतो आणि तो निराधारही नाही. तथापि, त्या काळी सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसवावयाची म्हटले असते तर एकही पंक्त बसली नसती. हे पुढचे पाऊल कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात काही काळ राहून गेलेल्या एका विद्यार्थ्याने टाकले. भाऊराव पाटील हे त्याचे नाव. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. तेथे मुले आपले अन्न आपण शिजवीत, शेतात राबत आणि शिकत. गांधीजींच्या हस्ते १९२७ साली त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. आजही महाराष्ट्रातील विद्यापीठांतून चालणारी ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच रोपाची आहे.

बडोद्याचे अकरा दिवस ज्यांनी भोगले त्यांच्या हाती पुढे अधिकार आला, तेव्हा त्यांनी काय केले हेही पाहिले पाहिजे. १९४२ साली आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारने खर्च केला पाहिजे, हा आग्रह त्यांनी लावून धरला आणि वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद पदरात पाडून घेतली. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच. एका राजाच्या मर्जीवर आणि एका गुरुजींच्या वशिल्यावर जे अवलंबून होते, ते नियमाने मिळू लागले. त्या योजनेत फीबरोबर निर्वाहभत्ताही आहे, आणि वसतिगृहात राहणारा विद्यार्थी व घरून येणारा विद्यार्थी यांच्या भत्त्याचे दर वेगळे ठेवलेले आहेत. सरकारी कागदात हा फरक दोन रकान्यांचा आहे. त्यामागे काय आहे ते कमाठी बागेतील पाच तास ज्यांना ठाऊक आहेत त्यांनाच कळावे.

पुढे त्यांनी स्वतः महाविद्यालये काढली. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली निघाले. नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत. पण स्थानिक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम औरंगाबादेत झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. पदवीसाठी तेथील मुलाला दूर हैदराबादेस जाऊन उस्मानिया विद्यापीठाचे दार ठोठावावे लागे, आणि तेथे शिक्षणाची भाषा उर्दू होती. सधन घरची मुले जात. इतरांची विद्या गावच्या वेशीपाशी संपे. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेस सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तरे देणारा भिक्षू नागसेन यांच्या नावांवरून महाविद्यालयाला मिलिंद व परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली. आणि त्या परिसरात वसतिगृहे उभी राहिली. खेड्यापाड्यांतील, पहिल्यांदाच जोडे घातलेली मुले तेथे आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसे त्यांना वर्गाबाहेरही भेटत होती. एका पिढीच्या आत मराठी साहित्याची भाषा बदलून टाकणारा दलित लेखकांचा प्रवाह या आवारातून जोराने वाहिला. तेथील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे त्याचे मुखपत्र झाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले, त्यापूर्वीच ही पायाभरणी झाली होती. शिष्यवृत्तीचे पैसे तर सर्वत्र सारखेच होते. येथे ते फळाला आले, कारण येथे रात्री परतावयास खोली होती आणि शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच दुसरा कोणी होता.

बडोद्यानेही आपल्या परीने ऋण फेडले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, श्रीमती हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि प्रतापसिंहराव गायकवाडांनी आजोबांच्या नावाने स्थापिलेला हीरकमहोत्सव व स्मारक निधी जुन्या बडोदे संस्थानातील प्रजेच्या शिक्षणादी गरजांसाठी राखण्यात आला. येथेही शब्द आहे तो जुन्या संस्थानच्या रहिवाशांचा. तो नियम १९०८ च्या सुमारास असता तर परळच्या चाळीतील विद्यार्थी त्यात बसला नसता.

निवाऱ्याचा प्रश्न सरकारदप्तरी स्वतंत्रपणे ओळखला गेला तो बराच उशिरा. महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून डॉ. आंबेडकरांच्याच नावाने ‘स्वाधार’ योजना सुरू केली. ज्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्या भोजनाचा, राहण्याचा आणि किरकोळ निर्वाहाचा खर्च थेट त्यांच्या खात्यावर जमा करावा, अशी ती योजना. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी तिचा वार्षिक हिशेब ६०,००० रुपयांचा ठरला: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कल्पना योग्य, हिशेब मात्र तोकडा. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला सतराशे रुपयांच्या आतच. तेवढ्यात पुण्यात वा मुंबईत खोली नव्हे, खोलीतली एक खाटसुद्धा मिळणे दुरापास्त आहे. शिवाय भाडे हातात असूनही आडनाव ऐकल्यावर खोली नाही म्हणणारे घरमालक अजून नामशेष झालेले नाहीत. ती अडचण बँकेच्या खात्यावर पैसे जमा करून सुटत नाही. तिला वसतिगृहच लागते.

या योजनेची एक अट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा, हे तर आहेच, आणि त्यामुळे बेळगावचा किंवा इंदूरचा मराठी मुलगा तिच्याबाहेर राहतो. परंतु तो ज्या शहरात शिकतो त्या शहराचा रहिवासी मात्र नसावा, असेही तीत म्हटले आहे. आपण येथले स्थानिक नाही, असे विद्यार्थ्याने लिहून द्यावयाचे आणि त्या आधारावर राहण्याचा खर्च मागावयाचा.